पक्कं इतिवृत्त

"तिला बसवा लिहायला. ती बोलत नाही कधी."

हे मी आमच्याच दाराच्या आत उभी राहून ऐकलं. चपला घालायला वाकले होते, दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाहेर जिन्यात सेक्रेटरीकाका आमच्या सोसायटीच्या चेअरमनना सांगत होते. चेअरमन काहीतरी पुटपुटले. इंग्लिश मीडियम, मराठी जमेल का, असं काहीसं. काका म्हणाले, मराठी मी सांगेन, इंग्लिश कॉपी ती करेल, दोन्ही कामं एका माणसात. मग बेल वाजली. मी दहापर्यंत आकडे मोजले आणि स्वयंपाकघरातून आल्यासारखं दार उघडलं.

आईला फार आनंद झाला. आमच्या बत्तीस घरांत सभेचं इतिवृत्त लिहायला आपल्या मुलीला बोलावलं, हे तिने मावशीला फोन करून सांगितलं. मी चोवीस वर्षांची होते, अंधेरीला एका ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसायचे, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की मी नुसती मान हलवायचे. लहानपणापासून असंच आहे. लोक त्याला संस्कार म्हणतात. जिन्यातलं वाक्य ऐकूनही मी हो म्हणाले. बोलावं लागणार नाही अशी कामं जगात थोडीच असतात.

बिल्डिंग विक्रोळीला, हायवेच्या पलीकडे, जिथून खाडीचा वास भरतीबरोबर आत येतो. चार मजले, लिफ्ट नाही. बहुतेक घरं कोकणातली, आजोबांच्या गिरण्या बंद पडल्यावर इथे स्थिरावलेली, आमच्यासारखी. पाच-सहा घरं बौद्ध, परभणी-जालन्याकडची. त्यांतल्याच एक बाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. घाटकोपरच्या पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी बिल्डिंग त्यांना नुसतं बाई म्हणायची. सोसायटीच्या समितीवर त्या अकरा वर्षं होत्या. अलीकडे त्यांना कंपवात झाला होता. उजवा हात सतत हलायचा, त्यामुळे त्या तो डाव्या हाताने धरून बसायच्या.

सभा रविवारी साडेदहाला, कंपाउंडमध्ये, पत्र्याच्या शेडखाली. साडेदहा म्हणजे अकरा. गणसंख्या भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते आणि नंतर जितके असतील तितक्यांत चालते, असा नियम आहे. आमच्याकडे तो नियम सगळ्यांना पाठ होता, म्हणून पहिला अर्धा तास कुणी उतरायचंच नाही. वरच्या खिडक्यांतून मटणाच्या फोडणीचे वास यायला लागले की माणसं खाली यायची आणि वास गडद झाला की उठायची. जे काही ठरायचं ते त्या मधल्या वेळात.

इतिवृत्त कसं लिहितात ते काकांनी मला शिकवलं. आधी कच्चं, मग पक्कं. कच्च्यात मी सभेत ऐकलेलं सगळं उतरवायचे, अर्धं इंग्लिशमध्ये, बाण काढून. पक्कं लिहायला काका आमच्या घरी यायचे. प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सभेत असलं कुणी काही सूचित करायचं नाही. काका बोलायचे, बाकीचे मोबाइल बघायचे. सूचक-अनुमोदक नंतर आमच्या टेबलावर चहा पिता पिता वाटले जायचे. मागच्या वेळी दुसऱ्या मजल्याला झालं ना, मग ह्या वेळी चौथ्याला दे, त्यांना बरं वाटतं. आणि शेवटी प्रत्येक ठरावाखाली एकच शब्द: सर्वानुमते. तो मी इतक्या वेळा लिहिला की माझ्या अक्षरात तोच सगळ्यात सुंदर येतो.

यात मला काही वाईट दिसत नव्हतं, हे इथेच सांगून टाकते. पाण्याच्या टाकीची सफाई, गणपतीचा मंडप, पार्किंगमधली जुनी स्कूटर. कोण सूचक आणि कोण अनुमोदक, याने टाकी कमी-जास्त स्वच्छ होत नव्हती.

मग पुनर्विकासाचं सुरू झालं. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि काकांनी नोटीस लावली की अहवालानुसार इमारत सी-वन, म्हणजे राहण्यास धोकादायक, तातडीने रिकामी करून पाडण्यायोग्य. दोन दिवसांत बिल्डिंगचा चेहरा बदलला. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पंख्याखाली झोपेनासे झाले. एका घरात मुलांना गॅलरीत जायची बंदी झाली. आई भिंतीला खिळा ठोकू देईना. आणि या भीतीच्या पोटात एक मजाही होती, ती कुणी लपवतही नव्हतं. नवी बिल्डिंग, लिफ्ट, मोठं किचन, गाडीला जागा. धोकादायक हा शब्द लोक ज्या चेहऱ्याने म्हणत होते तो चेहरा मला साखरपुड्याच्या घरात पाहिल्याचा आठवतो.

बाईंनी रीतसर अर्ज करून अहवालाची प्रत मागितली आणि एका संध्याकाळी ती घेऊन आमच्या दारात आल्या. अहवाल इंग्लिशमध्ये होता. बाईंना इंग्लिश येत होतं, पण त्यातले शब्द बांधकामाचे होते. त्या म्हणाल्या, पोरी, माझ्यासोबत वाचशील का, मला माझ्यावर विसंबायचं नाही. तीन संध्याकाळी आम्ही त्यांच्या टेबलाशी बसून वाचलं. त्या प्रत्येक पान डाव्या हाताने दाबून धरायच्या. तिसऱ्या दिवशी निष्कर्षाचं पान आलं. इमारत सी-टू-बी. दुरुस्तीयोग्य. रहिवाशांना हलवण्याची गरज नाही. खाली सही, शिक्का.

मी ते दोनदा वाचलं. बाईंनी विचारलं, "म्हणजे पाडायलाच पाहिजे असं नाही. बरोबर?"

मी हो म्हणाले.

त्यांनी ते पान वेगळं काढून ठेवलं. मग जे म्हणाल्या ते मी कच्च्या वहीत लिहिलेलं नाही, पण माझ्या लक्षात आहे. त्यांचा नव्या बिल्डिंगला विरोध नव्हता. गुडघे त्यांचेही दुखत होते. "हवी असेल तर हवी म्हणून मत द्या," त्या म्हणाल्या. "पडतेय म्हणून नका देऊ. पडत नाहीये ती." आणि दाराशी आल्यावर, सहज विचारावं तसं, सभेत गरज पडली तर एवढंच सांगशील ना, म्हणाल्या. मी मान हलवली. माझं मान हलवणं फार खात्रीचं दिसतं. बोलत नसल्यामुळे मान तयार झालेली असते.

त्या रविवारी कधी नव्हे ते सगळे वेळेवर उतरले. मी टेबलाशी वही घेऊन बसले होते. काकांनी प्रास्ताविक केलं, धोकादायक शब्द चार-पाच वेळा आला, मग बाई उठल्या. उजव्या हातात निष्कर्षाचं पान होतं आणि ते पान इतकं थरथरत होतं की त्याचा आवाज येत होता. त्यांनी ओळ वाचून दाखवली. मराठीत सांगितली. मग साधा प्रश्न विचारला: अहवालात सी-टू-बी आहे, नोटिशीत सी-वन कसं आलं?

काका हसले नाहीत, चिडले नाहीत. ऑडिटवाले कागदावर नेहमी सौम्य लिहितात, तोंडी त्यांनी सी-वनच सांगितलंय, असं ते शांतपणे म्हणाले. बाई म्हणाल्या, तोंडी कुणाला सांगितलं? तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका दादाने आपल्या हातातली सभेची नोटीस वर धरली आणि बाईंच्यासारखी थरथरवली. आवाजासकट. आधी त्याच्या रांगेतले हसले, मग मागचे. एक काकू तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी म्हणालं, बिल्डिंग हलतेय की बाई, ते आधी बघा. मग शेडखाली असं हसू उठलं की वरच्या खिडकीत बसलेली मुलंही न कळता हसली.

माझ्या आईच्या बाजूला बसलेली शेजारीण आईला सांगत होती की ह्यांना मोर्चाची सवयच असते, अर्ज केल्याशिवाय जेवण जात नाही. ह्यांना म्हणजे कुणाला, ते तिला सांगावं लागलं नाही आणि आईने विचारलं नाही.

बाई खाली बसल्या नाहीत. शाळेत वर्गावर थांबतात तशा आवाज खाली यायची वाट बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे हात केला. "माझं नका ऐकू. हिला विचारा. हिने माझ्यासोबत वाचलाय अहवाल."

चाळीस माणसं वळली. मला आठवतं ते असं: वहीवर माझं बोट होतं, बोटाखाली शाई पुसली गेली होती, आणि मी त्या डागाकडे बघत होते. उत्तर एका शब्दाचं होतं. हो. तो शब्द मी त्यांच्या टेबलाशी सहज बोलले होते. मी मान खाली घातली आणि लिहिल्यासारखं केलं. काय लिहिलं होतं ते नंतर बघितलं. नुसत्या रेघा होत्या.

काका मायेने म्हणाले, "बाई, लेकरू आहे ते. त्याला कशाला मध्ये ओढता?"

आणि सगळ्या सभेला माझी दया आली. माझ्यावर किती मोठा अन्याय झाला, ते मला सभोवतालच्या चेहऱ्यांवरून समजलं. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी तर पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले.

बाई परत बोलायला लागल्या तेव्हा काका म्हणाले की बाईंनी सोसायटीसाठी खूप केलं, आता त्यांनी समितीतून मोकळं होऊन आराम करावा, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ देत. टाळ्या झाल्या. बाई म्हणाल्या, मी राजीनामा दिलेला... आणि टाळ्या परत सुरू झाल्या. त्यांनी तोंड उघडलं की टाळ्या. बंद केलं की टाळ्या कमी. दोन-तीन वेळा तसं झाल्यावर लोकांना त्यातली गंमत कळली आणि मग ते खेळासारखं चाललं. वय झालेली, देवाला जाणारी, मुलांची लग्नं केलेली माणसं. माझी आई. मी पेन खाली ठेवलं आणि मीही वाजवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. टेबलाशी एकटीच हात स्वस्थ ठेवून बसलेली दिसले असते, इतकंच कारण होतं. शेवटी बाई पानाची घडी करायला लागल्या. हातामुळे घडी नीट होईना. ती होईपर्यंत टाळ्या चालू होत्या.

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर थरथरणाऱ्या हाताचं स्टिकर आलं. मग कुणीतरी लिहिलं की बाई दुसऱ्या कुठल्या बिल्डरकडून बोलताहेत. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. बाई त्या ग्रुपमध्येच होत्या. कुणी तेही विसरलं नव्हतं.

बुधवारी काका पक्कं लिहायला आले. मी कच्च्या वहीत बाईंचा प्रश्न लिहून ठेवला होता, नंतर घरी बसून, आठवून. तो मी पक्क्यातही घ्यायला लागले. काकांनी चष्मा वर केला. "प्रश्न इतिवृत्तात नसतात गं. निर्णय असतात. प्रश्न लिहीत बसलीस तर कादंबरी होईल." आई हसली, त्यांच्यापुढे चकल्या ठेवल्या. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. अहवालानुसार इमारत सी-वन असल्याची सभेने नोंद घेतली. समिती सदस्या श्रीमती अमुक यांनी प्रकृतीच्या कारणास्तव सदस्यत्वाचा राजीनामा दिला. सभेने तो स्वीकारला. त्यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल टाळ्यांच्या गजरात आभार मानण्यात आले. सर्वानुमते. सूचक, अनुमोदक. सूचक म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दादाचं नाव घालायला सांगितलं आणि मी घातलं. रात्रीच्या जेवणाआधी इंग्लिश कॉपीही तयार होती. इंग्लिशमध्ये ते आणखी सुबक वाटत होतं.

शाळेत नागरिकशास्त्रात मला पैकीच्या पैकी मिळायचे. हक्क, कर्तव्यं, विधिमंडळ, सगळं इंग्लिशमध्ये पाठ. पहिल्यांदा मत दिलं तेव्हा शाईचं बोट दाखवून फोटोही टाकला होता. लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा, रांगेत उभं राहून, न बोलता करायची गोष्ट, असा माझा समज होता आणि तो माझ्या स्वभावाला फार सोयीचा होता. त्या बुधवारी मी स्वतःच्या अक्षरात बघितलं की न बोलणाऱ्या माणसाचा उपयोग कसा करतात. काकांनी माझ्यावर काहीच जबरदस्ती केली नव्हती. बत्तीस घरांना एक खोटं हवं होतं, ते लिहायला एक नीटनेटका हात हवा होता. लोकांनी काय ऐकलं हे महिनाभरात लोकच विसरणार होते. उरणार होता तो कागद, आणि त्या कागदाच्या जोरावर लोक आपलं घर पाडायला मत देणार होते, ते मत आपलं स्वतःचं आहे असं समजून.

मसुदा नोटीस बोर्डावर लागला. ऑफिसला निघाले तर बाई बोर्डासमोर उभ्या होत्या. एकेका ओळीखाली बोट धरून वाचत होत्या. बोट काचेवर टकटक वाजत होतं. वह्या तपासताना वाचतात तसं शेवटपर्यंत वाचलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडकून पडले, कारण बाहेर जायला त्यांच्या मागूनच जावं लागत होतं.

त्या वळल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुझं."

आणि घरात गेल्या. दार आपटलंही नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्यांच्या दारावरून जाताना मोबाइल कानाला लावायचे. पलीकडे कुणी नसायचं. एकदा आईला सांगून बघितलं की अहवालात वेगळं आहे, मी वाचलाय. आई कणीक मळत होती. म्हणाली, मलाही वाटलंच होतं. मग काही वेळाने म्हणाली, पण आता लिफ्ट येतेय तर येऊ दे ना, तू कशाला वाईट होतेस सगळ्यांत? ती खोटारडी नाही. तिला खरं काय ते माहीत होतं आणि त्याने तिच्या कणकेत काहीच फरक पडला नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण ती निदान तोंडाने बोलली.

विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात ठेवली. विषय दोन. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा, इमारत धोकादायक असल्याने पुनर्विकासास मंजुरी देणे. पहिला विषय आमच्याकडे कधीच अर्ध्या मिनिटाच्या वर गेला नाही. काका विचारतात, वाचलं असं समजून कायम करू या ना, लोक हो म्हणतात, की मग त्या कागदाला सभेची मान्यता मिळते. त्यानंतर त्यात खोटं काय होतं ते शोधायला कोर्टात जावं लागतं. दिंडोशीला की कुठे, तेही आमच्यात कुणाला नक्की माहीत नव्हतं.

बाई आल्या होत्या. शेवटच्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि बसायला जागा नसल्याने माणसं भिंतीला टेकून उभी होती. बाईंच्या हातात या वेळी कागद नव्हता. हात पदराखाली होता, पदर हलत होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. शेडच्या पत्र्याकडे कुठेतरी बघत होत्या.

मी आधी काहीच ठरवून गेले नव्हते. कुणी शूर म्हणेल म्हणून हे सांगितलं पाहिजे. आदल्या दिवशी मी काकांना इंग्लिश कॉपीच्या तीन प्रती काढूनही दिल्या होत्या. पण काकांनी माझ्यासमोरची पक्की वही उचलली, उघडली नाही, नुसती हातात धरून सभेला दाखवली आणि विचारलं, वाचलं असं समजू या? आणि मागून, सगळ्यांच्या आधी, बाईंचा आवाज आला. हो.

त्यांनी हो म्हटलं. थकून, की सूड म्हणून, की मला सोडवायला, ते मला अजून माहीत नाही आणि त्यांना विचारायचा मला हक्क नाही. लोक वळून हसले. कुणीतरी म्हणालं, बघा, बाई पण आल्या लायनीवर. मग बाकीचे हो, हो म्हणायला लागले.

माझा हात वर गेला. काकांना दिसला नाही, त्यांना माझा हात दिसायची सवयच नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दादाला दिसला. तो म्हणाला, "काय गं, बाथरूमला जायचंय का? जा, विचारते काय."

हसणं झालं. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा ते कुणालाच ऐकू गेलं नाही. काका म्हणाले, मोठ्याने बोल बाळा, काय हवंय? आईने पुढच्या रांगेतून डोळे मोठे केले. मी परत बोलले, या वेळी इतक्या जोरात की माझाच आवाज मला चिरका आणि वाईट वाटला.

"वाचायचं. वाचलं असं समजायचं नाही. ते खोटं आहे, मी लिहिलंय. बाईंनी राजीनामा दिलेला नाही. अहवालात सी-टू-बी आहे, मी स्वतः वाचलाय, त्या दिवशी विचारलं तेव्हा मी मुद्दाम गप्प बसले. आणि त्या टाळ्या आभाराच्या नव्हत्या, बाईंना बोलू द्यायचं नव्हतं म्हणून आपण वाजवल्या. मी पण वाजवल्या. तेही लिहायचंय मला."